आशाताई आणि गावातलं बाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आशाताईंच्या प्रशिक्षणात मी काम करते. प्रश्न दोन्हीकडून येत राहतात. एकीकडून वाडी-पाड्यावरच्या आया, सासवा आणि नव्याने कामाला लागलेल्या आशा विचारतात, तर दुसरीकडून ठाणे आणि नवी मुंबईतले लोक. त्यांची गावाकडे सून किंवा लेक असते, नाहीतर काही मदत करायची असते. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आशा म्हणजे नक्की कोण? नर्सबाई, अंगणवाडीच्या बाई आणि आशा यांत फरक काय?

आशा ही त्याच गावात राहणारी, गावानेच निवडलेली आरोग्य स्वयंसेविका. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ साली ही योजना सुरू झाली. साधारण १००० लोकवस्तीमागे एक आशा असते. डोंगराळ आणि आदिवासी भागात हा आकडा सैल केलेला आहे, तिथे लहान पाड्यालाही स्वतंत्र आशा मिळू शकते.

नर्सबाई म्हणजे उपकेंद्राची आरोग्य सेविका. ती सरकारी कर्मचारी, लस टोचते, गरोदरपणाची तपासणी करते. अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची. आहार, वजन-उंची आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं पूर्वशिक्षण हे तिचं काम. आशा या दोघींमधला दुवा आहे. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ दोन दिवस दूध ओढत नाही, कुणाची लस चुकली, हे तिला आधी कळतं, कारण ती त्याच विहिरीवर पाणी भरते.

२. आशाला पगार किती? की सगळं फुकट करते?

पगार नाही, मोबदला आहे. कागदावर ती स्वयंसेविका. कामागणिक पैसे ठरलेले असतात: नवजात बाळाच्या ठरलेल्या गृहभेटी पूर्ण केल्या की २५० रुपये, एका वर्षाच्या आत बाळाचं पूर्ण लसीकरण झालं की १०० रुपये, आणि अशी बरीच कामं. शिवाय नेहमीच्या कामांसाठी केंद्राकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. ती बरीच वर्षं २००० रुपये होती, २०२५ मध्ये ३५०० करण्यात आली. राज्याचा वाटा वेगळा. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रभरच्या आशा संपावर होत्या, आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यानंतर राज्याने दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर केली.

आकडे वाचून कुणाला हे बरं वाटेल. पण हा मोबदला अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा जमा होतो, आणि पाड्यावर जाण्या-येण्याचा रिक्षा-जीपचा खर्च ती आधी पदरचा करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला, त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. पैसे वेळेवर मिळणं हाही गौरवाचाच भाग आहे असं मी मानते.

३. मला आशा व्हायचंय. काय लागतं?

त्या गावात कायम राहणारी, शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता, २५ ते ४५ वयाची स्त्री असावी. दहावी झालेलीला प्राधान्य असतं, पण दुर्गम पाड्यावर तशी कुणी नसेल तर शिक्षणाची अट शिथिल होते. लग्नाची अपेक्षा अशासाठी की मुलगी लग्नानंतर गाव सोडून जाते आणि जागा पुन्हा रिकामी होते. निवड ग्रामसभेतून होते. जागा रिकामी आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गटप्रवर्तकांकडे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंकडे, विचारा. पाच-सहा आदिवासी पाडे मिळून एक गाव असेल तर त्या पाड्यांवरचीच बाई निवडली जाईल असं बघा. मोठ्या गावातली आशा टेकडीवरच्या पाड्यावर नावापुरतीच पोचते, हे आम्ही वारंवार बघतो.

४. बाळ झाल्यावर आशा किती वेळा येते, आणि येऊन काय करते?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: बाळाच्या वयाच्या ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त, म्हणजे सात. सिझेरियन होऊन बाळंतीण उशिरा घरी आली, तर घरी आल्यापासून पुढच्या तारखा धरायच्या. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना पुन्हा भेटी असतात. त्यांत वरचं खाणं, वाढ, लोहाचं औषध आणि लसी बघितल्या जातात.

भेट कशी व्हायला हवी ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी तशी होते का हे तुम्हालाच तपासता येईल. आशा आल्याबरोबर साबणाने हात धुते, कोपरापर्यंत, आणि हात हवेतच वाळू देते. पदराला पुसत नाही. मग बाळाच्या काखेत थर्मामीटर लावते. पारा ९७ अंशांच्या खाली असेल तर बाळ गार पडतंय. मग वजन. स्प्रिंगचा काटा आधी शून्यावर आणायचा, झोळीत बाळ ठेवायचं, काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि बाळाची हालचाल थांबली की आकडा वाचायचा. शिकाऊ आशा काटा हाताच्या उंचीवर धरून वरून वाचतात, त्यात १०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. अडीच किलोच्या बाळाला १०० ग्रॅम म्हणजे खूप. म्हणून प्रशिक्षणात हे पुन्हापुन्हा करून घेतो.

त्यानंतर नाळ, डोळे, कातडीवरचे फोड, तळहात-तळपाय पिवळे आहेत का, हे ती बघते. बाळाला समोर पाजायला सांगते आणि बाळ नीट धरलंय का, तोंड पूर्ण उघडून घेतंय का, गिळल्याचा आवाज येतो का, हे शांत बसून पाहते. शेवटी आईची चौकशी: ताप, अंगावरून जास्त जाणं, घाण वास, स्तनाला गाठ. सगळं फॉर्मवर लिहिलं की भेट झाली. दारातून “बरं आहे ना सगळं?” एवढं विचारून गेली तर ती भेट धरू नका, तिला आत बोलवा.

५. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलंय, सगळं नॉर्मल लिहिलंय. मग घरी पुन्हा कशाला?

कारण नवजात बाळाचा धोका दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर संपत नाही. जंतुसंसर्ग, गार पडणं, दूध कमी पडणं, हे घरी आल्यावरच्या दिवसांत घडतं आणि फार झपाट्याने वाढतं. सकाळी जरा सुस्त वाटणारं बाळ रात्री हाताबाहेर जातं.

घरी जाऊन बघण्याने बाळं वाचतात, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायांना गावाच्या आरोग्याची धुरा दिली होती. २०११ मध्ये देशभर सुरू झालेल्या आशांच्या गृहभेटी गडचिरोलीच्या वाटेनेच आल्या आहेत.

६. बाळ दोन किलोचं आहे. काचेच्या पेटीत ठेवायला हवं का?

अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं. त्यातलं प्रत्येक बाळ पेटीत ठेवावं लागत नाही. दूध ओढत असेल, अंग उबदार असेल, श्वास नीट असेल तर दोन किलोच्या आसपासचं बाळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी सांभाळता येतं. पण सांभाळणं वेगळं. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी उभं ठेवायचं आणि वरून लुगडं किंवा शाल गुंडाळायची. दिवसातले जास्तीत जास्त तास. आई थकली तर बाबांनी, आजीने घ्यायचं. मुरबाडकडे एका घरात आजोबा असे बाळ छातीशी बांधून अंगणात बसलेले मी पाहिलेत, आणि गावात त्यांचं कौतुक झालं.

आंघोळ घालायची घाई नको. कोमट फडक्याने पुसलं तरी चालतं. दर दोन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. ओढण्याची ताकद कमी असेल तर दूध वाटीत काढून चमच्याने. बाटली नाही. अशा बाळाच्या घरी आशाने ठरलेल्या भेटींच्या वर जायला हवं. वजन वाढत नसेल तर प्रश्न ८.

७. सासूबाई म्हणतात पहिलं दूध काढून टाका, आधी मध चाटवा. काय करू?

पहिलं घट्ट पिवळसर दूध, चीक, ही बाळाची पहिली लसच समजा. जन्मल्यापासून तासाभरात पाजायचा. मध, गुटी, साखरेचं पाणी, ग्लुकोजचं पाणी, यातलं काही सहा महिने द्यायचं नाही. भर उन्हाळ्यात कसाऱ्याला पत्र्याच्या घरात राहत असलात तरी वरून पाणी लागत नाही, आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. पाणी भरपूर प्यायचं ते आईने.

नाळेवर हळद, राख, तेल, पावडर काही नाही. कोरडी ठेवायची, आपोआप पडते. डोळ्यांत काजळ नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी त्यांची मुलं याच पद्धतीने वाढवली आणि त्यांच्या मनात प्रेमच आहे. आशाताईला सांगा, ती त्यांच्याशी बोलेल. ते तिचं कामच आहे, आणि वयाने थोराड आशा असेल तर सासवा तिचं ऐकतात. सासूबाईंना रिकाम्या हाताने बसवू नका, शेक-शेगडी, मालिश, बाळंतिणीचं खाणं त्यांच्याकडे द्या. शेगडीचा धूर मात्र बाळाच्या खोलीत कोंडू देऊ नका.

८. कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल: दूध ओढणं बंद किंवा अगदी कमी झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार किंवा तापलेलं, श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जातो, पोट फुगलंय आणि उलट्या, झटके, नाळेतून पू, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एक जरी असलं तरी लगेच निघायचं. सकाळची वाट बघायची नाही.

श्वास मोजायला घरी कुणीही शिकू शकतं. बाळ शांत असताना, पीत नसताना, झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो.

१०८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी बाळासाठी १०२ ची गाडीही असते. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर ती कुठे थांबेल हे फोनवरच ठरवा आणि तिथवर जायची तयारी करा. वाटेत बाळ आईच्या छातीशी (प्रश्न ६), आणि पीत असेल तर पाजत. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याचा खर्च एका वर्षापर्यंत मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर आशाला सांगा.

९. आशा इंजेक्शन देऊ शकते का? औषधं?

इंजेक्शन नाही. गडचिरोलीच्या प्रयोगात प्रशिक्षित स्त्रिया ते देत होत्या, पण सरकारी योजनेतल्या आशाला ती मुभा नाही. गंभीर संसर्ग झालेल्या बाळाला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस आरोग्य सेविका देऊ शकते, म्हणून वाटेत उपकेंद्र लागत असेल आणि ती तिथे असेल तर थांबा. नसेल तर पुढे चला.

आशाच्या पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोहाचं औषध, जंताची गोळी असते. संपली असेल तर ती आरोग्य केंद्रातून मिळायला हवी, तुम्ही विकत आणायची नाही.

१०. जुलाब लागले की दूध-जेवण बंद करायचं ना?

नाही. अंगावरचं दूध चालू, जेवण चालू, आणि सोबत ओआरएस. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या किंवा शुद्ध पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात अंदाजाने करू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.

झिंकची गोळी १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यावरच्यांना एक, आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून. जुलाब तीन दिवसांत थांबतात आणि गोळी फडताळात राहते, हे जवळजवळ प्रत्येक घरी होतं. १४ दिवस पूर्ण केले तर पुढचे काही महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. शौचातून रक्त, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त किंवा पाणीच पीत नाही, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दवाखाना.

आणि पाणी. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबई-ठाण्याकडच्या नळांना येतं, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. तळ गाठलेल्या विहिरीतलं गढूळ पाणी आणि पहिल्या पावसात वाहून आलेली घाण, यांतून जूनमधले जुलाब येतात. आशा घरोघर क्लोरीनचं औषध देते, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतंय का बघते. पण हे तिच्या पिशवीने सुटणारं दुखणं नाही. पाड्याला नळ हवा, आणि ते ग्रामसभेत मांडायला तिच्या पाठीशी गाव उभं राहायला हवं.

११. लसीची तारीख चुकली. आता पहिल्यापासून सगळं करायचं का?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, एक डोस होऊन चार महिने गेले असतील तरी दुसरा देता येतो, मग किमान चार आठवड्यांनी तिसरा. बीसीजी एक वर्षाच्या आत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते.

नेहमीचं वेळापत्रक थोडक्यात: जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, आणि यातल्या काही भेटींत न्यूमोनियाची आणि पोलिओची टोचणी. ९ महिन्यांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि जीवनसत्त्व अ. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा आणि बूस्टर. पाच-सहा वर्षांना आणखी एक बूस्टर.

साधी सर्दी, हलका ताप, दोन-चार जुलाब असतील तरी लस देता येते. लसीनंतर ताप आला म्हणजे लस बाधली नाही. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सबाई सांगतात. टोचल्या जागी बर्फ, तेल, हळद लावू नका. अर्धा तास तिथेच बसा. आणि कार्ड जपा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पावसाळ्यात गळक्या घरात कार्ड भिजतं आणि पुढे कुठली लस झाली हे कुणालाच सांगता येत नाही.

१२. आम्ही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. बाळाच्या लसी आणि वजनाचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि आमच्या भागातली सर्वांत जास्त मुलं इथेच सुटतात. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेलकडे भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून दिवस भरलेली बाईसुद्धा जाते. गावच्या आशाच्या वहीत त्या घरासमोर ‘स्थलांतरित’ एवढाच शब्द उरतो, आणि भट्टीच्या गावातल्या आशाच्या वहीत ते घर नसतंच. सहा-सात महिने त्या बाळाला कुणी वजनकाट्यात घातलेलं नसतं.

तुमचा हक्क कुठेही जात नाही हे पक्कं लक्षात ठेवा. लस, गरोदरपणाची तपासणी, अंगणवाडीचा आहार, भट्टी ज्या गावात आहे तिथल्या उपकेंद्रात आणि अंगणवाडीत मिळायला हवा. रहिवासी दाखला लागत नाही. निघण्याआधी तीन गोष्टी करा. आशाला भट्टीचं गाव आणि मुकादमाचा नंबर द्या. कार्ड सोबत घ्या, आणि त्याचा फोटो आशाच्या मोबाइलमध्ये ठेवा. जवळची तारीख असलेली लस, वेळ झाली असेल तर, घेऊनच निघा.

आशांसाठी: गटप्रवर्तकांमार्फत त्या तालुक्याच्या आशाला यादी पाठवा, फोन करा. नुसता कागद पाठवून भागत नाही. आणि भट्टीच्या गावातल्या आशांना विनंती, सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा आई चिखल मळत असते, तिला उठता येत नाही. विटा पाडायचं काम पहाटेपासून चालतं, दुपारच्या जेवणाला किंवा संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा आया झोपडीत सापडतात. बाळ झोळीत टांगलेलं असतं, त्याची चार-पाच वर्षांची बहीण झोका देत असते. त्या बहिणीचंही वजन करा, दंडघेर बघा. तिची नोंद बहुतेक वेळा कुणाकडेच नसते. शेठने आत सोडलं नाही तर एकट्या वाद घालू नका. वैद्यकीय अधिकारी आणि ग्रामपंचायतीला कळवा, नर्सबाईंना सोबत घेऊन जा.

१३. आमचं मूल खेळतं, हसतं. तरी आशा म्हणते कुपोषित आहे. असं कसं?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती रंगीत पट्टी लावते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. पायावर सूज असेल तर पट्टी काहीही दाखवो, ते तीव्रच. तीव्र कुपोषित मूल काही दिवस खेळतं-हसतं, पण साध्या न्यूमोनियात किंवा जुलाबात त्याच्या अंगात तग धरायला काही नसतं.

भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात उपचार-आहार मिळतो. भूक मेलेली, ताप किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस आईसह राहावं लागतं, आणि आईला बुडीत मजुरी मिळते. आया नकार देतात तो मजुरीपेक्षा घरच्या बाकी मुलांसाठी. “मी इथे चौदा दिवस राहिले तर त्या दोघांना भाकरी कोण घालेल?” या प्रश्नाला आशाने ‘जायलाच पाहिजे’ हे उत्तर देऊ नये. आधी मावशी, नणंद, शेजारीण, कुणाशी तरी बोलून त्या मुलांची सोय लावावी, मग गाडी बोलवावी.

घरी खाण्याबद्दल एकच सांगते: सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरणाचं पाणी आणि पेज नाही, घट्ट वरण-भात कुस्करून, त्यात चमचाभर तेल. चमचा आडवा केला तरी पडणार नाही इतका घट्ट. नाचणी, अंडं, सुकट, पाड्यावर जे असेल ते. आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, ती घ्या आणि मुलालाच द्या.

१४. भगताकडे नेलं तर आशा रागावते. नेऊच नये का?

जाणत्या आशा रागावत नाहीत. पाड्यावर भगताला मान आहे आणि तो मोडायला आपण जात नाही. आम्ही एवढंच म्हणतो, आधी दवाखाना, मग भगत. प्रश्न ८ मधलं एकही लक्षण असेल तर हा क्रम बदलायचा नाही. काही भगत स्वतःच “हे माझ्याकडचं नाही, घेऊन जा” असं सांगतात, त्यांच्याशी आशाने बोलणं ठेवावं.

सापाच्या बाबतीत मात्र थोडीही सूट नाही. जमिनीवर झोपलेल्या मुलाला रात्री मण्यार चावते, खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, मंत्रात वेळ घालवू नका. थेट दवाखाना, सापाचं औषध तिथेच आहे.

१५. बाळंतपण वाटेत किंवा घरीच झालं. आता नाव लागेल का? कुणी ओरडेल का?

नाव लागतं. २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करा, शुल्क नाही. आशा मदत करते. त्याच दिवशी बाळाचं वजन आणि जन्मतःच्या लसी करून घ्या, आईलाही तपासून घ्या. ओरडायचा कुणाला अधिकार नाही. ओढ्याला पूर आला, गाडी आली नाही, हे तुमच्या हातातलं नव्हतं. जुन्या सुईणीने हात दिला असेल तर तिलाही लपवू नका, पुढच्या वेळी तीच आशाला वेळेवर निरोप देईल.

१६. बाळ दगावलं. आशा आणि नर्सबाई प्रश्न विचारायला आल्या. आम्ही अडचणीत येऊ का?

नाही. प्रत्येक बालमृत्यूची चौकशी होते ती काय कमी पडलं हे कळावं म्हणून: गाडी उशिरा आली, दवाखान्यात कुणी नव्हतं, लक्षण ओळखता आलं नाही. दोष लावायला नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगा, दवाखान्याची चूक असेल तर तीही. सांगायची ताकद नसेल तर काही दिवस मागून घ्या.

आशांना मी हे सांगते की या घरी पहिल्यांदा फॉर्म घेऊन जाऊ नका. नुसतं जाऊन बसा. आणि आईच्या दाटलेल्या दुधाचा त्रास, तिचा ताप, तिचं खाणं, हे कुणी विचारत नाही, ते विचारा. तिच्या उरलेल्या भेटी बंद करू नका.

१७. मी घणसोलीला राहते, बाळंतपणाला माहेरी मुरबाडला गेले. माझी आशा कोणती?

जिथे बाळ आहे तिथली. ४२ दिवसांच्या भेटी माहेरची आशा करेल, म्हणून पोचल्याबरोबर तिला कळवा. शहरातही वस्त्यांमध्ये आशा आहेत. परतलात की नागरी आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून पुढचं चालू करा. उलटही होतं: गावाची सून नवऱ्याबरोबर दिघा किंवा कळव्याला खोली घेऊन राहते आणि दोन्हीकडच्या वह्यांतून गळते. फोन तुम्हीच करायचा.

१८. आमच्या पाड्यावर आशा येतच नाही. तक्रार कुठे करू?

आधी कारण विचारा. जागा रिकामी आहे का, तीन पाडे एकाच आशाकडे आहेत का, ती स्वतः बाळंतीण आहे का. मग गटप्रवर्तक, त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यावर तालुका आरोग्य अधिकारी. गावाची ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि तिला वर्षाला निधी मिळतो. तिची बैठक होते का, हेही विचारा. १०४ वर फोन करूनही सांगता येतं.

१९. आमच्या सोसायटीला पाड्यावर मदत करायची आहे. दूध पावडर, बिस्किटं आणू का?

दूध पावडर, बाटल्या आणि डब्यातला बाळआहार आणू नका. नवजात शिशू दुग्धपर्यायांबद्दलचा १९९२ चा कायदा आहे, अनाथालय सोडून इतरांना या वस्तू दान करायला त्यात मनाई आहे. कारणही रास्त आहे: पावडर सुरू झाली की आईचं दूध आटतं, डबा संपला की पातळ करून पाजतात, आणि अस्वच्छ पाण्याने बाटली धुतली की प्रश्न १० सुरू होतो. बिस्किटांनी मुलाची भूक मरते, वजन वाढत नाही.

आणायचंच असेल तर आशाला विचारून आणा. आमच्याकडच्या आशा बहुतेक वेळा या गोष्टी सांगतात: चांगला टॉर्च, पावसाळी बूट आणि रेनकोट, वह्या-कागद भिजू नयेत अशी पिशवी, बाळांसाठी लोकरी टोप्या आणि मऊ सुती कापड, झाकणाचे आणि तोटीचे पाण्याचे पिंप. मोबाइलचा रिचार्जही, कारण माहिती भरायचं काम आता फोनवर आहे. कुणाकडे गाडी असेल तर पावसाळ्याचे चार महिने पाड्याजवळ रात्री मिळू शकेल अशा जीपवाल्याचं भाडं ठरवून द्या. वाटप करताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. सामान आशाच्या घरी पोचवा, कुणाला काय लागतं ते तिला ठाऊक आहे.